थोरोचे ‘वॉल्डन’ आणि त्याची दैनंदिनी

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) याचे ‘वॉल्डन’ पुष्कळदा केवळ आत्मवृत्त म्हणून वाचले जाते. त्यातूनच त्याच्यावर दांभिकतेचा आरोप आला. एकांतवासाचा गौरव करणारा हा लेखक वरचेवर गावातील घरी जेवावयास जात असे, असा आक्षेप टीकाकार घेतात. त्याचा विचार करताना ग्रंथाची घडण प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे.

मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावापासून जेमतेम दीड मैलावर, वॉल्डन तळ्याकाठी, इमर्सनच्या जमिनीवर थोरोने कुटी बांधली. तेथे तो ४ जुलै १८४५ पासून ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत राहिला. ग्रंथात मात्र ही दोन वर्षे एकाच ऋतुचक्रात सामावलेली असून कथन उन्हाळ्यात सुरू होऊन वसंतागमनापाशी थांबते. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८५४ साली. जे. लिंडन शॅन्ली यांनी हस्तलिखिते तपासून त्याचे सात खर्डे १९५७ साली वेगळे करून दाखविले. तेव्हा ‘वॉल्डन’ ही हेतुपूर्वक केलेली वाङ्मयीन रचना ठरते. शिवाय भेटीस येणारी माणसे आणि गावाकडील फेऱ्या यांवर थोरोने ग्रंथातच स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. जे त्याने लपविलेच नाही, त्याबद्दल त्यास दांभिक ठरविणे न्याय्य नव्हे.

दिनांकवार वस्तुस्थिती हवी असेल, तर त्याच्या दैनंदिनीकडे वळावे. १८३७ ते १८६१ या काळात लिहिलेली ही दैनंदिनी वीस लाखांहून अधिक शब्दांची असून ती १९०६ साली चौदा खंडांत प्रकाशित झाली. १८५० नंतर तो काँकर्डमधील वनस्पतींच्या बहराच्या तारखा काटेकोरपणे टिपू लागला. रिचर्ड प्रायमॅक व अब्राहम मिलर-रशिंग यांनी १८५२–१८५८ मधील या नोंदी २००४–२००६ मधील निरीक्षणांशी ताडून पाहिल्या. तेथील वनस्पती आता सरासरी सुमारे सात दिवस आधी फुलतात, असा त्यांचा २००८ मधील निष्कर्ष आहे. तापमानवाढीच्या अभ्यासास या नोंदी उपयोगी पडल्या, त्या थोरोच्या अचूकपणामुळेच.

एकाच लेखकाच्या या दोन कृतींना निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. दैनंदिनीची कसोटी ‘वॉल्डन’ला लावल्यास ग्रंथाचा आशय हातचा जातो, आणि ‘वॉल्डन’च्या कीर्तीत दैनंदिनी झाकोळल्यास एका दक्ष निरीक्षकाची ओळख राहून जाते. अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवून वाचणे इष्ट होय.