नागपुरातले अडीच हजार पाकिस्तानी

एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी एक आकडा ठळक छापला आणि नागपूरबाहेरच्या पुष्कळ वाचकांना धक्का बसला. महाराष्ट्रातल्या ४८ शहरांत मिळून ५,०२३ पाकिस्तानी नागरिक राहतात आणि त्यांतले २,४५८, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या नागपुरात. ठाण्यात अकराशेच्या घरात, मुंबईत जेमतेम चौदा. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांची हत्या झाली होती. केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले होते आणि पोलीस याद्या घेऊन दारोदार फिरत होते. अशा वेळी संघाचे मुख्यालय असलेल्या आणि मुख्यमंत्र्यांच्या शहरात अडीच हजार पाकिस्तानी राहतात तरी कसे?

नागपूरच्या जरीपटका वस्तीतल्या कुणालाही विचारले असते तर उत्तर मिळाले असते. यातले बहुतेक सिंधी हिंदू आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी जरीपटका वसवला, खामल्यातही वस्ती केली. मागे राहिलेले भाऊबंद पुढच्या दशकांत एकेक करून याच नातेवाइकांच्या आधाराने इकडे येत राहिले. येतात पाकिस्तानी पासपोर्टवर, मग ‘लाँग टर्म व्हिसा’ घेतात, वेळोवेळी तो वाढवून घेतात आणि नागरिकत्वाची वाट बघतात. काहींची वाट पंधरा-पंधरा वर्षांची आहे. पहलगामनंतर केंद्राने लगेच खुलासा केला की, पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील. त्यामुळे नागपुरातल्या बहुतेकांना घर सोडावे लागले नाही.

त्याच दिवसांत आणखी एक आकडा गाजला, तो १०७ जणांचा. राज्यातल्या एवढ्या पाकिस्तानी नागरिकांचा ठावठिकाणा लागत नाही, अशा बातम्या आल्या. मग गृहखातेही सांभाळणारे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, कुणीही बेपत्ता नाही, असे जाहीर केले. पण तोवर व्हायची ती चर्चा होऊन गेली होती. परदेशी नागरिकांविषयीचा आकडा आपल्याकडे आधी सभेत आणि टीव्हीवर पोहोचतो, पडताळणी मागाहून होते. या विषयातली निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

पडताळणी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घेण्यासारखे आहे. दीर्घ व्हिसावरच्या माणसाची पोलिसांच्या विशेष शाखेत फाईल असते. त्याचा पत्ता, व्यवसाय, कुटुंबातली माणसे, व्हिसाची मुदत, सगळे त्यात नोंदलेले असते. २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना काही सवलती दिल्या. त्यांना बँकेत खाते उघडता येते, राहण्यापुरते घर घेता येते, पॅन कार्ड, आधार, वाहन परवाना काढता येतो, स्वतःचा धंदा करता येतो. त्याच वर्षाच्या अखेरीस नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातल्या ज्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूर होते. म्हणजे हे अडीच हजार लोक शहरात लपलेले नाहीत. शहरातल्या सर्वांत काटेकोर नोंद असलेल्या माणसांत त्यांची गणना करावी लागेल.

धोका असतो तो नोंदीबाहेर गेलेल्या माणसाचा. त्याचेही उदाहरण नागपुरातच आहे. २०१० मध्ये एक अफगाण नागरिक सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर आला. निर्वासित म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्याने संयुक्त राष्ट्रांकडे केलेला अर्ज फेटाळला गेला, तरी तो परतला नाही. दहा वर्षे दिघोरी भागात राहिला. जून २०२१ मध्ये पोलिसांनी त्याला पकडून मायदेशी धाडले. दोनच महिन्यांनी तालिबानने काबूल घेतले आणि हातात बंदूक घेतलेल्या एका माणसाचा फोटो समाजमाध्यमांवर फिरू लागला. तो हाच असावा, अशी चर्चा देशभर झाली. फोटोची गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. सहा महिन्यांचा व्हिसा संपलेला माणूस दहा वर्षे एका शहरात निवांत राहू शकतो. विदेशी नागरिकांविषयीचे कायदे कडक राबवा, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा सापडणे कठीण. ती मागणी रास्त आहे. तिला द्वेष म्हणून उडवून लावणाऱ्यांनी या दहा वर्षांचा हिशेब द्यायला हवा.

पण राजकारणात मागणी अशी नेमकी राहत नाही. तिथे तिचे ‘बांगलादेशी हटाव’ होते.

ही घोषणा जुनी आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली त्या वेळी मुंबईतले बांगलादेशी हुसकावणे हा तिच्या प्रचाराचा भाग होता. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस तिसांहून अधिक बंगालीभाषक माणसांना कुर्ला-हावडा एक्सप्रेसने सीमेकडे घेऊन निघाले. त्यांत जरीकाम करणारे कारागीर होते. विदर्भ, छत्तीसगड ओलांडून गाडी बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनात शिरली, तेव्हा फॉरवर्ड ब्लॉकच्या कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी ती अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातली माणसे सोडवून नेली. इथे मनोहर जोशींचे सरकार त्यांना बांगलादेशी म्हणत होते, तिथे ज्योती बसूंचे डावे सरकार म्हणत होते की ही आमची, भारतीय बंगाली माणसे आहेत. एकाच देशातली दोन सरकारे, आणि त्याच माणसांविषयी दोन निर्णय.

आकड्यांची गत वेगळी नाही. २००४ मध्ये काँग्रेसचे गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत एक कोटी वीस लाखांच्या आसपास अवैध बांगलादेशी असल्याचे सांगितले आणि गदारोळ होताच माहिती विश्वसनीय नाही म्हणत माघार घेतली. २०१६ मध्ये भाजपचे किरेन रिजिजू यांनी दोन कोटी सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की, असे लोक चोरून येतात, म्हणून त्यांची अचूक आकडेवारी गोळा करणे शक्य नाही. तिन्ही विधाने भारत सरकारचीच. न्यायालयात दिलेले तेवढे सभांमधून कधी ऐकू येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अभिनेता सैफ अली खानवर त्याच्या घरात घुसून चाकूहल्ला झाला आणि पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. वादाला नवी धार आली. त्याच सुमारास भाजपचे किरीट सोमय्या यांनी मालेगाव, अकोला, अमरावतीकडे बोट दाखवले. उशिराने दिलेले हजारो जन्मदाखले घुसखोरांच्या हाती गेले आहेत, असा त्यांचा आरोप होता. मालेगावातले दोन महसूल अधिकारी निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि मार्चमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ऑगस्ट २०२३ च्या कायदाबदलानंतर नायब तहसीलदारांनी दिलेले असे दाखले रद्द करण्याची घोषणा केली.

इथे दोन्ही बाजूंकडे खरे काहीतरी आहे. खोटा जन्मदाखला मिळाला की त्यावर आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट अशी पुढची साखळी तयार होते, हे खोटे नाही. आणि घरी जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या हजारो गरिबांचा जन्म कुठेच नोंदलेला नाही, हेही तितकेच खरे. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात असे म्हातारे-कोतारे भेटतात. अर्ज उशिरा केला म्हणजे माणूस परका, हा हिशेब मुसलमान मजुराच्या बाबतीत मांडला जात असेल, तर तो गडचिरोलीतल्या माडिया माणसालाही लागू पडतो. प्रत्येक दाखल्यामागचा पुरावा वेगळा तपासणे हे वेळखाऊ काम आहे, आणि दुसरा प्रामाणिक मार्ग दिसत नाही.

घाई केली की काय होते, ते जून २०२५ मध्ये दिसले. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला पोलिसांनी पकडले. घरच्यांनी कागद पाठवले, बंगाल सरकारच्या यंत्रणेने ते पुढे दिले, तरी त्याला सीमा सुरक्षा दलाकडे सोपवून बांगलादेशात ढकलण्यात आले. त्याच्यासारखे आणखी काही जण होते. काही दिवसांनी ते भारतीय असल्याचे मान्य करून त्यांना परत आणावे लागले. एका नागरिकाला त्याच्याच देशाने हाकलले.

अशा प्रसंगी कायदा माणसाच्या बाजूने उभा नसतो. गुन्ह्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात ती उलटी होती, आपण परदेशी नाही हे माणसानेच दाखवायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या ‘आप्रवास आणि विदेशी नागरिक कायद्या’ने चार जुने कायदे मोडीत काढले, पण हे कलम ठेवले. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास आता दोन ते सात वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नागपूर या गोष्टीच्या दुसऱ्या टोकालाही आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते आणि त्यांतला एक नागपूरचा, कॅनडाला जायचे म्हणून एजंटला पैसे दिलेला. त्याच्या आठवडाभर आधी तिकडे ‘लेकन रायली’ कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली होती. जॉर्जियातल्या एका तरुण विद्यार्थिनीचा खून व्हेनेझुएलातून बेकायदा आलेल्या माणसाने केला, त्यातून तो कायदा आला. त्या मुलीच्या घरच्यांचे दुःख खरे आहे. टेक्सासच्या अटकेच्या नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही खरा आहे. हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचे प्रमाण तिथे जन्मलेल्यांच्या तुलनेत बेकायदा आलेल्यांत निम्म्याहून कमी निघाले. टेक्सासला हे मोजता आले, कारण तिथे अटक झालेल्या प्रत्येकाचा दर्जा तपासून नोंदवला जातो. आपल्याकडे एकूण माणसे किती हेच ठाऊक नसल्याने असे प्रमाण काढताच येत नाही, आणि म्हणून तिकडचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवणेही चूक ठरेल.

जरीपटक्यात सध्या वेगळीच गणिते चालू आहेत. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच मिळतो. नव्या विदेशी कायद्यासोबत निघालेल्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांना कागद अपुरे असले तरी शिक्षेपासून सूट दिली, नागरिकत्व मात्र दिले नाही. त्यामुळे एकाच घरात थोरला भाऊ २०१३ मध्ये आलेला म्हणून भारतीय होऊ शकतो, आणि २०१६ मध्ये आलेल्या धाकट्याला व्हिसा वाढवत राहून नेहमीच्या वाटेने बारा वर्षे काढावी लागतात. येणारा मुसलमान, म्हणजे अहमदी किंवा शिया हजारा असेल, तर त्याला यातली कुठलीच सवलत नाही.