ओळखपत्राची सक्ती : श्रीपालाच्या ठाण्यापासून आधारपर्यंत

आयंबिलाच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा आपण वर्षातून दोन वेळा ऐकतो. श्वेतांबर परंपरेतील या कथेत ठाण्याचा एक प्रसंग आहे. धवल शेठने कपटाने समुद्रात लोटलेला श्रीपाल कोकणच्या किनाऱ्याला लागतो. ठाण्याचा राजा वसुपाल त्याचा सन्मान करतो आणि आपली कन्या त्याला देतो. पुढे शेठची गलबते त्याच बंदरात येतात. ज्याला बुडवले तोच राजाचा जावई झालेला पाहून शेठ हादरतो आणि गाण्याबजावण्यावर पोट भरणाऱ्या एका टोळीला पैसे चारून दरबारात पाठवतो. टोळीतील म्हातारी श्रीपालाच्या गळ्यात पडते आणि हा आपलाच हरवलेला मुलगा असल्याचे सांगत रडू लागते. कुळ लपवून आपल्याला फसवले, असे वाटून राजा संतापतो. शेवटी गलबतावर असलेल्या श्रीपालाच्या पत्नींना बोलावले जाते आणि त्यांच्या साक्षीने खरे काय ते उघड होते.

ठाण्याच्या ज्या मुनिसुव्रतस्वामी मंदिराला आपण कोकण शत्रुंजय म्हणतो, त्याचा या कथेशी संबंध जोडला जातो. कथा ऐकताना आपले लक्ष नवपदाच्या महिम्याकडे असते, आणि ते योग्यच आहे. (गरिबाच्या पोटी जन्म निघाल्यास तो फसवणूक ठरावा, हे राजाने आणि श्रोत्यांनीही गृहीत धरावे, याची खंत मात्र प्रत्येक वेळी वाटते.) पण परक्या गावात पाऊल ठेवणाऱ्या माणसाने आपण कोण, हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न त्या दरबारात होता तसाच आज ठाण्याच्या रेशन दुकानात आहे, डोंबिवलीच्या बँकेत आहे आणि कल्याणच्या रुग्णालयातही आहे.

राष्ट्रीय ओळखपत्राची चर्चा आपल्या देशात नवी नाही. कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीने सीमावर्ती भागातील रहिवाशांना ओळखपत्रे देण्याची शिफारस केली. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात १४-अ हे कलम आले. त्यानुसार केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकते. ही तरतूद आजही कायद्यात आहे, परंतु असे ओळखपत्र देशभर कोणाच्या हाती आलेले नाही. हाती आले ते आधार. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना देण्यात आला. ज्याच्याकडे कोणताही कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू तेव्हा सांगितला गेला आणि तो खोटा नव्हता. परगावाहून येऊन दिव्यात किंवा कल्याण पूर्वेला खोली घेणाऱ्या मजुराला बँकेत खाते उघडणे पूर्वी किती अवघड होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते आधारला सरसकट नावे ठेवणार नाहीत.

आधार ऐच्छिक आहे, असे आरंभी सांगितले जात होते. मग गॅसचे अनुदान, शिष्यवृत्ती, रेशन, पॅन, बँक खाते आणि मोबाइल असे एकेक दार त्याला जोडले गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच प्रकरणातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा वैध ठरवला. पण बँक खाते आणि मोबाइल यांच्याशी जोडणीची सक्ती रद्द केली, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले आणि पॅनशी जोडणी कायम ठेवली. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हा कायदा धनविधेयक म्हणून संमत करणेच घटनाबाह्य मानले.

एवढे होऊनही एक गैरसमज घरोघरी आहे. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायद्याचे नववे कलमच तसे सांगते. तो क्रमांक वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेल्या रहिवाशाला मिळतो. नागरिक असण्याची अट नाही. बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीत सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी आधार हे बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारायला सांगितले, तेही केवळ ओळखीपुरते. म्हणजे ज्या कार्डावाचून आपले पान हलत नाही, ते आपण या देशाचे आहोत एवढेही सांगत नाही.

सक्ती कशी असते, याचा अनुभव आपल्या भागाने महासाथीत घेतला. २०२० मध्ये लोकल बंद झाली. नंतर ती सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, आणि तीही ओळखपत्र पाहून. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना पडताळणीनंतर पास मिळू लागला. डोंबिवली, कल्याण, ठाणे स्थानकांबाहेर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हातात धरून उभ्या राहिलेल्या रांगा अनेकांच्या स्मरणात असतील. १८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत धावली, तेथील नोकरदाराला फलाटावर जाण्यासाठी आपण कोण हे सिद्ध करावे लागले. त्या काळात ते गरजेचे होते, असे माझे मत आहे. पण ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आणि येथेच हा विषय आपल्या उपाश्रयाच्या पायरीशी येतो. लस घेण्यासाठी ओळखपत्र लागत होते. ज्यांनी दीक्षेच्या दिवशी घर, धन आणि पूर्वीचे नावही सोडले, त्या साधू-साध्वींनी कोणते कार्ड दाखवायचे? केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. त्या यादीत विविध धर्मांचे साधू-संत होते, कैदी होते, मनोरुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत राहणारे होते, रस्त्याच्या कडेला भीक मागणारेही होते. काहींना ही शेजारओळ खटकली. मला ती खटकली नाही. अपरिग्रहाने रिकामे झालेले हात आणि दारिद्र्याने रिकामे राहिलेले हात सरकारी खिडकीपुढे सारखेच दिसतात. ती खिडकी रिकाम्या हातांसाठी उघडी ठेवावी, ही मागणी आपण केवळ आपल्या महाराजसाहेबांसाठी करू नये.

पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये साधू-संन्याशांना आई-वडिलांच्या जागी गुरूंचे नाव देण्याची मुभा मिळाली. तीही कशी, तर त्या रकान्यात गुरूंचेच नाव असलेले मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांपैकी एखादे कागदपत्र हवे! पायी विहार करणाऱ्या साधूंना पासपोर्टचा उपयोग नाही. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये सुरू केलेल्या तेरापंथी समणश्रेणीसारख्यांना, ज्यांना प्रवासाची परवानगी आहे, तो होतो. पण वाट कशी काढता येते, हे त्यातून दिसते.

सक्तीला विरोध म्हणजे ओळखीलाच विरोध, असा समज करून घेऊ नये. श्रीमद राजचंद्रांना ज्यांनी आपल्या आध्यात्मिक घडणीचे श्रेय दिले, त्या गांधीजींचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने प्रत्येक आशियाई माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत त्याला न जुमानण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा जन्म त्यातून झाला. मात्र १९०८ च्या आरंभी, सक्ती मागे घेतली जाईल या भरवशावर, गांधीजींनी स्वेच्छेने नोंदणी मान्य केली. १० फेब्रुवारीला नोंदणीसाठी निघाले असता त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, तरी अंथरुणावरून त्यांनी बोटांचे ठसे दिले. सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीपुढे दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. जे ठसे स्वेच्छेने देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, तेच बळाने मागितले गेले तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करला.

ब्रिटनमध्येही हेच घडले. महायुद्धात, १९३९ मध्ये आलेली ओळखपत्रे युद्ध संपल्यावरही चालू राहिली. क्लॅरन्स विलकॉक नावाच्या वाहनचालकाने पोलिसाला कार्ड दाखवण्यास नकार दिला, खटला झाला, न्यायालयाने कार्डाच्या अशा वापरावर ताशेरे ओढले आणि १९५२ मध्ये ती बंद झाली. २००६ मध्ये पुन्हा कायदा झाला, २०१० मध्ये तोही रद्द झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत येऊन ते आधारचे शिल्पकार नंदन निलेकणी यांना भेटले.

सरकारला प्रश्न विचारताना आपल्या संस्थांकडेही पाहायला हवे. धर्मशाळेत खोली घेताना, वैद्यकीय मदतीच्या अर्जाला, शिष्यवृत्तीच्या फॉर्मला आपण सर्रास आधारची झेरॉक्स जोडून घेतो. त्या प्रती वर्षानुवर्षे फडताळात पडून राहतात आणि मग रद्दीत जातात. अणुव्रतांतील तिसरे अदत्तादान-विरमण आहे : जे दिले गेले नाही ते घेऊ नये. खोलीसाठी दिलेला कागद इतर कशासाठी वापरला गेला, तर तो दिलेला होता असे म्हणता येईल का? आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये झेरॉक्स कोणालाही देऊ नका, असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. गोंधळ झाला, परंतु त्यातील एक सल्ला टिकून आहे. ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात असे मास्क केलेले आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते. आपल्या संस्थांनी एवढेच मागावे आणि काम झाल्यावर प्रत नष्ट करावी. बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. ज्येष्ठांच्या नावे होणाऱ्या फसवणुकीला तिने आळा बसतो.

ज्येष्ठांची अडचण मात्र वेगळी आहे. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शिवणकाम केलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. आधार कायद्याच्या सातव्या कलमानुसार, क्रमांक मिळालेला नसेल तर अन्य पर्यायाने लाभ द्यावा लागतो. बोटे उमटत नसतील तर डोळ्यांचे किंवा चेहऱ्याचे छायाचित्र, मोबाइलवरील संकेतांक असे मार्ग आहेत. पण दुकानात रांगेत उभ्या असलेल्या आजींना हे सांगणार कोण? ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या संघांतील तरुणांनी महिन्यातून एक रविवार या कामाला दिला, तर अनेकांचे पेन्शन आणि रेशन अडणार नाही. पाच आणि पंधरा वर्षांच्या मुलांचे ठसे अद्ययावत करायचे असतात, तेही तेथेच सांगता येईल.

साध्वीजी विहारात आजारी पडल्या की काय होते, हे आपल्यातील बहुतेकांनी पाहिले आहे. नोंदणीच्या खिडकीवर आधार मागतात. सोबतचा श्रावक खिशातून स्वतःचे कार्ड काढतो. अर्जात पुढचा रकाना असतो, रुग्णाशी नाते. कोणी तेथे मुलगा लिहितो, कोणी भाऊ, आणि एखादा तो रकाना तसाच कोरा सोडतो.