आलेखाची सावली

फलनाचा आलेख विद्यार्थ्यांपुढे ठेवून ‘याचा प्रांत सांगा’ असे म्हटले, की बहुतेकांची दृष्टी वक्ररेषा किती उंच गेली आहे याकडेच प्रथम वळते. डोंगराचा पायथा किती पसरला आहे असे विचारावे आणि उत्तरादाखल शिखराची उंची मिळावी, तसा हा प्रकार. क्ष च्या ज्या ज्या किमतींना फलन काही उत्तर देते, त्या सर्व किमतींचा संच म्हणजे प्रांत. त्याचा शोध आडव्या अक्षावरच घ्यावयाचा असतो.

यासाठी अशी कल्पना करावी, की आलेखाच्या वरून आणि खालून क्ष-अक्षावर सरळ उभा प्रकाश पडला आहे. वक्ररेषेची जी सावली अक्षावर उमटेल, तोच प्रांत. रेषा −३ पासून ५ पर्यंत पसरली असेल, तर मध्ये ती कितीही चढो वा उतरो, सावली −३ ते ५ एवढीच. टोके मात्र निरखून पाहावीत. टोकाशी भरीव ठिपका असल्यास ती किंमत प्रांतात आहे, पोकळ वर्तुळ असल्यास नाही. आणि बाण असल्यास रेषा कागदाच्या कडेशी संपलेली नाही असे समजावे. पोकळ वर्तुळ रेषेच्या मध्येच आढळले, तर त्याच्या नेमके वर किंवा खाली भरीव ठिपका आहे काय ते पाहावे. असेल तर ती किंमत प्रांतातून वगळू नये. सावलीला उंचीशी कर्तव्य नसते. य = १/क्ष या फलनाच्या दोन्ही शाखा उभ्या अक्षाच्या अगदी निकट येतात, पण त्याला स्पर्श करीत नाहीत. म्हणून सावलीत शून्यापाशी एकाच बिंदूची फट राहते.

सुट्या ठिपक्यांच्या आलेखाची सावलीही सुटीच पडते. ते ठिपके रेषेने जोडणे ही आपली भर असते, आणि ती रेषा शेवटच्या ठिपक्यापलीकडे ओढणे हे तर निव्वळ अनुमान. हा केवळ परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न आहे असे कोणी मानू नये.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीने ताठरली होती. पूर्वीच्या उड्डाणांतील सांध्यांची तापमाने आडव्या अक्षावर मांडली, तर सावली सुमारे ५३ ते ८१ अंश फॅरनहाइट एवढीच पडते. त्या सकाळी हवेचे तापमान होते ३६ अंश. म्हणजे त्या थंडीत सांधा कसा वागेल, याविषयी आलेख मूकच होता! आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी ५३ अंशांखाली उड्डाण करू नये, असा सल्ला दिला होता; वरिष्ठांनी तो मागे घेतला.

त्या रात्रीच्या चर्चेत ज्या उड्डाणांत सांध्यांना इजा झाली, त्यांच्याच तापमानांचा विचार झाला. निर्दोष उड्डाणांचे ठिपके वगळले गेले. पुढे चौकशी आयोगाने सर्व ठिपके एकत्र मांडले, तेव्हा ६५ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा झाल्याचे स्पष्ट दिसले.