बोल्ट नेमका कुठे मंदावला?

उसेन बोल्टने 100 मीटरचा जागतिक विक्रम केला, त्या शर्यतीतले शेवटचे 20 मीटर तो मंदावत धावला होता, हे सहजी पटत नाही. 16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनमध्ये त्याने 9.58 सेकंदांत शर्यत संपवली. मागचे धावपटू त्याच्याहून हळू, त्यामुळे मधले अंतर वाढत गेले आणि तो अखेरपर्यंत वेग वाढवतोय असेच पाहणाऱ्यांना वाटले. पण दर 20 मीटरला नोंदलेल्या वेळा आहेत 2.89, 4.64, 6.31, 7.92 आणि 9.58 सेकंद.

आडव्या अक्षावर या वेळा आणि उभ्या अक्षावर अंतर घेतले की अंतर-काल आलेख मिळतो. एवढा उंचापुरा धावपटू इथे फक्त एक कण. रेषा जितकी खडी, तितका वेग जास्त. सुरुवातीला ती वळत वर जाते, पुढे जवळजवळ सरळच दिसते. मंदावणे नजरेला सापडत नाही.

म्हणून वेगाचा आलेख काढायचा. पहिल्या टप्प्यात सरासरी वेग सेकंदाला 6.92 मीटर, त्यातले 0.146 सेकंद तर पिस्तुलाच्या आवाजाला प्रतिसाद देण्यातच गेले. पुढे 11.43, 11.98, 12.42 आणि शेवटी 12.05. आता शिखर दिसते, त्यानंतरचा उतारही.

यातले तिसरा आणि पाचवा हे टप्पे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हीकडे वेग सेकंदाला सुमारे 12 मीटर, पण एकीकडे तो वाढतो आहे, दुसरीकडे घटतो आहे. या आलेखात रेषेची उंची वेग सांगते आणि तिचा चढ त्वरण. विद्यार्थ्यांची गल्लत होते ती इथेच.

रेषा खाली उतरली म्हणजे वस्तू मागे फिरली, असे अनेकांना वाटते. तसे नव्हे. मागे फिरायचे तर रेषेला शून्याच्या खाली जावे लागते. उलट, शिखरावर वेग सर्वाधिक असताना त्वरण मात्र शून्य असते.

शिवाय रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. ही कल्पना चौदाव्या शतकातली. एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचे चित्र फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी त्रिकोणाने काढले आणि सरासरी वेगाच्या आयताएवढेच त्याचे क्षेत्रफळ असल्याचे दाखवले. नववीच्या वर्गात गतीचे समीकरण सिद्ध करताना फळ्यावर काढतात त्या समलंब चौकोनामागे हाच युक्तिवाद आहे.