दोन लाव्हांच्या मधला चिखल

क्रेटेशस म्हणजे डायनोसॉरच्या युगाचा शेवटचा टप्पा, १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. या काळातला एकही सस्तन प्राणी १९८८पर्यंत भारतात माहीत नव्हता. त्या काळाच्या उत्तरार्धात भारत एखाद्या बेटासारखा उत्तरेकडे सरकत होता. मग त्या बेटावर सस्तन प्राणी नव्हतेच, असं म्हणायचं का? भूशास्त्राच्या वर्गात मी हाच प्रश्न मुलांपुढे टाकते, कारण ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नव्हता’ असा सर्रास घेतला जातो, आणि मला ते मनापासून खटकतं.

या प्रश्नाचं उत्तर तेलंगणात विकाराबादजवळच्या नस्कलला मिळालं. दख्खनचे लाव्हा एका दमात वाहिले नाहीत. मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली दबला. गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांना त्या गाळात एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले, दोन मिलिमीटरपेक्षाही लहान. असं काही हातोड्याने सापडत नाही. पोती भरून गाळ आणायचा, भिजत घालायचा, बारीक चाळणीतून धुऊन वाळवायचा आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने निवडायचा. डोळे पार शिणतात. या प्राण्याचं नाव ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’, नागपूरच्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतले जीवाश्म त्यांनी १८५०च्या दशकातच गोळा केले होते.

पण हा प्राणी नेमका कोणत्या वंशाचा, हे कोडं एवढ्याने सुटलं नाही. दातांवरचं कठीण इनॅमल टिकतं, नाजूक हाडं विरून जातात. पुढे घोट्याची हाडं मिळाली, त्यावरून हा प्राणी झाडावर चढत असावा असं दिसतं. अख्खा सांगाडा मात्र नाही. म्हणूनच काही संशोधक त्याला वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, वंशाच्या अगदी जवळ ठेवतात, तर काही जण दूरच्या फांदीवर. शिवाय गाळ साचतो तळ्यात. डोंगरमाथ्यावर जगलेल्यांची नोंद जवळजवळ होतच नाही, त्यामुळे वंशवृक्षाची तारीख मांडताना जीवाश्माचं वय ‘निदान इतकं जुनं’ एवढंच सांगतं.

विदर्भात विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या, म्हणजे लाव्ह्याच्या, दोन थरांमध्ये शिंपले असलेला फिकट पट्टा लागला, तर तो भरावात टाकण्याआधी जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा.