वने पेरणारे पक्षी

कोंबडी, मोर आणि तित्तिर या पक्ष्यांशी मनुष्याचा परिचय फार जुना आहे. त्यांच्याच गणातील एक पक्षिकुल भारतापासून दूर, अमेरिकेच्या उष्णकटिबंधीय अरण्यांत राहते. आकाराने मोठे, मुख्यतः फळांवर जगणारे आणि रुचकर मांसामुळे शिकारीला बळी पडणारे हे पक्षी त्या अरण्यांच्या जीवनाशी कसे जोडलेले आहेत, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

कुलाची ओळख

या कुलाला शास्त्रीय परिभाषेत ‘क्रॅसिडी’ असे नाव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सासच्या दक्षिण टोकापासून मेक्सिको, मध्य अमेरिका आणि ॲमेझॉनचे खोरे ओलांडून थेट अर्जेंटिनापर्यंत ते पसरलेले आहे. त्यात पन्नासहून अधिक जाती असून त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात : चाचालाका, ग्वान आणि क्युरासो.

चाचालाका हा त्यांतील सर्वांत लहान. वजन सुमारे अर्धा किलो, रंग मातकट आणि शेपटी लांब. पहाटेच्या वेळी एका झाडावरचा पक्षी ओरडू लागला, की शेजारच्या झाडांवरून त्याला साथ मिळते आणि पाहता पाहता सारा परिसर कर्कश कोलाहलाने भरून जातो. त्या आवाजावरूनच या पक्ष्याला त्याचे नाव मिळाले आहे. ग्वान हा त्याहून मोठा असतो. त्याच्या गळ्याशी बहुधा उघड्या त्वचेची लाल किंवा निळसर झालर लोंबते. काही ग्वान सूर्योदयापूर्वीच्या अंधूक प्रकाशात एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पंखांतून खडखड असा विलक्षण नाद काढतात. क्युरासो हा या कुलातील सर्वांत भारदस्त पक्षी. मेक्सिकोपासून इक्वेडोरपर्यंत आढळणाऱ्या मोठ्या क्युरासोचा नर वजनाने सुमारे ४ किलो भरतो. त्याची काया काळीभोर, डोक्यावर पुढे वळलेल्या पिसांचा तुरा आणि चोचीच्या मुळाशी पिवळीधमक गाठ असते. त्याचा घुमणारा खोल आवाज घनदाट झाडीतही दूरवर ऐकू येतो.

मोर किंवा रानकोंबडा यांच्या पायाचे मागचे बोट इतर बोटांपेक्षा वरच्या पातळीवर असते. क्रॅसिडी कुलात मात्र ते इतर बोटांच्याच पातळीवर असते. त्यामुळे या पक्ष्यांना फांदी घट्ट पकडता येते आणि वृक्षांवर वावरणे सोपे जाते. त्यांची घरटीही बहुधा झाडांवरच असतात. पिल्लांचे पंख जन्मतःच बरेच वाढलेले असतात आणि काही दिवसांतच ती फांद्यांवर फडफडत चढू लागतात.

फळे, बिया आणि अरण्य

पिकलेली फळे हे या पक्ष्यांचे मुख्य अन्न. ग्वान फळ अखंड गिळतो, त्यातील गर पचवतो आणि बी न फुटता विष्ठेबरोबर बाहेर पडते. तोपर्यंत पक्षी मूळ झाडापासून बराच दूर गेलेला असतो. या साध्या क्रियेचे महत्त्व फार मोठे आहे. मातृवृक्षाखालीच पडलेल्या बियांवर किडे, बुरशी आणि उंदीर तुटून पडतात. शिवाय त्या दाट सावलीत रोपाला प्रकाशही पुरेसा मिळत नाही. दूर पडलेल्या बीला जगण्याची संधी अधिक मिळते. क्युरासोचे वागणे थोडे निराळे आहे. तो जमिनीवर पडलेली फळे वेचतो. त्याची पेषणी बळकट असते आणि गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने तो पुष्कळ बिया दळूनही टाकतो. म्हणजे या कुलातील सर्वच पक्षी सारख्या प्रमाणात बिया पेरतात, असे म्हणता येणार नाही. परंतु कोणत्या झाडाची किती रोपे उगवावीत, हे ठरण्यात दोघांचाही वाटा असतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मोठे पक्षी नाहीसे झाले, तर त्यांचे काम लहान पक्षी करणार नाहीत काय? लहान बियांच्या बाबतीत ते करू शकतात. पण मोठे बी लहान चोचीत मावतच नाही. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अरण्यांत जुसारा नावाचा ताडवर्गीय वृक्ष आहे. टूकन, कोटिंगा आणि जाकुटिंगा नावाचा ग्वान हे पक्षी त्याची फळे खातात. बावीस ठिकाणच्या जुसारा वृक्षांचा अभ्यास करून ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुंद चोचीचे मोठे पक्षी जेथून नाहीसे झाले होते, तेथे या वृक्षाच्या बियाही आकाराने लहान झाल्या होत्या. लहान बी लवकर सुकते, त्यामुळे रोप रुजण्याची शक्यता घटते. पक्षी गेल्याचा परिणाम अशा रीतीने वृक्षाच्या बीजापर्यंत पोहोचला होता.

संकटाची कारणे

क्युरासोची मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते आणि पिल्ले प्रौढ होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे मारल्या गेलेल्या पक्ष्यांची उणीव लवकर भरून निघत नाही. अरण्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांची शिकार करीत आले आहेत. परंतु बंदुका आल्या, रस्ते जंगलात शिरले आणि वस्ती वाढली, तसे शिकारीचे प्रमाण बदलले. पुष्कळदा झाडे उभी राहिली, पण त्यांवरचे पक्षी संपले. अमेरिकन शास्त्रज्ञ केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये अशा अरण्याला ‘रिकामे अरण्य’ असे म्हटले. बाहेरून हिरवे दिसणारे वन आतून दरिद्री असू शकते, हे या संज्ञेने नेमके सांगितले.

अलागोआसच्या क्युरासोची कहाणी

काजूचे झाड मूळचे ईशान्य ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. त्याच ईशान्य ब्राझीलमध्ये अलागोआस नावाचे राज्य आहे. तेथील अरण्यात काळ्या रंगाचा, लाल चोचीचा एक क्युरासो राहत असे. जर्मन निसर्गअभ्यासक गेओर्ग मार्कग्राफ यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. पुढे तीनशे वर्षे हा पक्षी अभ्यासकांच्या दृष्टीस जवळजवळ पडलाच नाही. १९५१ मध्ये पक्षितज्ज्ञ ओलिव्हेरियो पिंतो यांना त्याची एक मादी मिळाली, तेव्हा त्याचे अस्तित्व निश्चित झाले.

तोवर त्याचे घर मात्र झपाट्याने आक्रसत होते. तेथील किनारपट्टीवर वसाहतकाळापासूनच ऊस पिकत होता. १९७५ मध्ये उसापासून वाहनांसाठी इंधन तयार करण्याची राष्ट्रीय योजना ब्राझीलने हाती घेतली आणि उरलेल्या जंगलाच्या जागी उसाचे मळे उभे राहिले. हे चित्र पाहून पेद्रो नार्देली या पक्षिपालकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस थोडे पक्षी पकडून आपल्याकडे आणले. त्यांतील केवळ तीन पक्ष्यांपासून, म्हणजे एक नर आणि दोन माद्या यांच्यापासून, पुढची सारी संतती वाढली. १९८० च्या दशकानंतर मूळ अरण्यात हा पक्षी उरला नाही.

बंदिवासातील पैदास सोपी नव्हती. संख्या वाढविण्यासाठी काही पक्ष्यांचा दुसऱ्या जातीच्या क्युरासोशी संकर केला गेला. पुढे आनुवंशिक तपासणी करून शुद्ध जातीचे पक्षी वेगळे काढावे लागले. अखेर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अलागोआसमधील एका राखीव वनात तीन जोड्या मुक्त करण्यात आल्या. सुमारे चार दशकांनी हा पक्षी आपल्या मायभूमीत परतला.

तीन पक्ष्यांपासून एक जाती तगली, ही गोष्ट आशादायक खरी. परंतु तिला लागलेला काळ, श्रम आणि तिच्या यशाची अनिश्चितता पाहिली, म्हणजे अरण्य आणि पक्षी वेळीच राखणे किती सोपे होते, हे ध्यानात येते. पिंजऱ्यात पक्षी जगवता येतो. त्याला पुन्हा वनात सोडायचे, तर आधी वन शिल्लक असावे लागते. आणि ते वन पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकायचे, तर त्याच्या बिया दूरवर नेणारे पक्षीही त्यात असावे लागतात.

स्वाध्याय

१. मोठे पक्षी नाहीसे झाल्यास लहान पक्षी त्यांची जागा पूर्णपणे का घेऊ शकत नाहीत?
२. ‘रिकामे अरण्य’ या संज्ञेचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. अलागोआसच्या क्युरासोवर आलेल्या संकटाची कारणे आणि त्याला वाचविण्याचे प्रयत्न आपल्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील फळे खाणाऱ्या एखाद्या पक्ष्याचे निरीक्षण करा आणि तो कोणत्या झाडांच्या बिया दूर नेतो, याची नोंद करा.