नारळाच्या भुशांतील बाग



पालघर आणि बोईसर-तारापूर या भागांत आज दोन तऱ्हेचीं घरें शेजारीं शेजारीं नांदत आहेत. केळवें, माहीम, सातपाटी, चिंचणी या किनाऱ्यावरील गांवांत वाडी आहे, विहीर आहे, आणि नारळ सोलल्यावर उरलेलीं सोडणें कोठें टाकावीं हा प्रश्न आहे. उलट, कारखान्यांच्या आश्रयानें वाढलेल्या बोईसरांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास अंगण नाहीं. त्याच्या गॅलरींत पांच-सहा कुंड्या मावतात, पण त्या भरावयास माती कोठून आणावी हा त्याचा प्रश्न आहे. पहिल्या घरचा कचरा हें दुसऱ्या घरच्या प्रश्नाचें उत्तर होऊं शकतें. मात्र तें उत्तर आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. तसें न केल्यामुळें रोपें पिवळीं पडतात, हौस मावळते आणि दोष मात्र सेंद्रिय पद्धतीच्या माथीं येतो.

नारळाच्या सोडणांत दोन पदार्थ असतात. एक धागा, ज्यास आपण काथ्या म्हणतों, आणि दुसरा त्या धाग्यांमध्यें भरलेला, बुचासारखा हलका भुसा. ढोबळ मानानें एक भाग धागा तर दोन भाग भुसा असें प्रमाण पडतें. धाग्याचे दोर आणि पायपुसणीं होतात. भुसा मात्र पूर्वीं काथ्याच्या कारखान्यांबाहेर ढिगानें पडून राही. तोच आतां विटांच्या आकारांत दाबून विकला जातो व त्यास कोकोपीट म्हणतात. ५ किलोची एक वीट भिजविली कीं सुमारें ७० लिटर भुसा होतो.

यांतील ‘पीट’ हा शब्द परदेशचा. थंड पाणथळ प्रदेशांत शेवाळासारख्या वनस्पती हजारों वर्षें पुरत्या न कुजतां सांचतात. त्या थरास पीट म्हणतात. युरोपांतील रोपवाटिका त्यावरच चालत. परंतु हा थर वर्षास जेमतेम एक मिलीमीटर वाढतो, आणि खणावयास मात्र एक दिवस पुरतो. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडील बागाइतदारांचें लक्ष भारत व श्रीलंका येथील नारळाच्या भुशाकडे वळलें. आपल्याकडे १९५३ सालच्या कायद्यानें काथ्या मंडळ स्थापन झालें असून केरळांत कलवूर येथें त्याची संशोधनसंस्था आहे. महाराष्ट्रांत वेंगुर्ल्यास स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें काथ्याचा उद्योग चालविला आहे.

भुशाचा मोठा गुण हा कीं, तो आपल्या कोरड्या वजनाच्या पांच ते आठ पट पाणी धरतो आणि तरीहि मुळांस हवा मिळूं देतो. शिवाय तो लवकर कुजत नाहीं. त्यामुळें कुंडींतील भर लौकर खचत नाहीं. परंतु भुसा म्हणजे माती नव्हे. ते एक चांगलें भांडें आहे, आणि भांडें आधीं धुवावें लागतें व मग त्यांत अन्न वाढावें लागतें. आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे.

प्रथम धुण्याविषयीं. नारळाच्या सोडणांत पालाश व सोडियम यांचे क्षार स्वभावतःच पुष्कळ असतात, आणि काथ्यासाठीं तें खाडीच्या पाण्यांत कुजविलें असेल तर समुद्राचें मीठहि त्यांत शिरतें. असा भुसा न धुतां वापरल्यास पानांच्या कडा करपतात. धुण्यासाठीं भुसा रात्रभर गोड्या पाण्यांत भिजवावा, सकाळीं पाणी पूर्ण निथळूं द्यावें, आणि असें तीनदां तरी करावें. पहिलें पाणी काळ्या चहासारखें येतें, पुढें रंग उतरत जातो. परंतु रंग आणि क्षार हे वेगळे, हें विसरूं नये. क्षार डोळ्यांस दिसत नाहींत. खरी परीक्षा मेथीच्या दाण्यांनीं करावी. धुतलेल्या भुशांत दहा-बारा दाणे पेरावे. बहुतेक उगवून कोंवळीं पानें न करपतां उभीं राहिलीं, तर भुसा वापरावयास योग्य झाला असें समजावें.

येथें निसर्गानें आपल्यावर एक कृपा केली आहे. पालघरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. भुसा गोणपाटांत सैल भरून जून-जुलैंत उघड्यावर ठेवला, तर धुण्याचें काम फुकट होतें. याच्या उलट, एप्रिल-मे महिन्यांत खाडीकाठच्या अनेक विहिरींचें पाणी मचूळ होतें. त्या पाण्यानें भुसा धुणें म्हणजे मिठानें मीठ धुणें होय.

भुशाची आणखी एक खोड आहे. चुना व मॅग्नेशियम हीं द्रव्यें तो स्वतःच धरून ठेवतो आणि रोपास उणीं पडूं देतो. त्यासाठीं १० लिटर भुशांत दोन-तीन चमचे शिंपल्यांची बारीक पूड मिसळावी. भुसा किंचित् आंबट असल्यामुळें ती हळूहळू विरघळते. मॅग्नेशियमची भर पुढें सांगितलेल्या खतांतून होते.

आतां अन्नाविषयीं. ताज्या भुशांत नत्राच्या मानानें कर्ब शंभरपटीहून अधिक असतो. एवढा कर्ब कुजविण्यास सूक्ष्म जीवांस नत्र लागतें, आणि तें ते रोपाच्या तोंडचें काढून घेतात. धिंगरी अळंबीच्या जातीची बुरशी भुशांत वाढवून सुमारें महिनाभर कुजविल्यास हें प्रमाण ११२ वरून २४ पर्यंत उतरतें, असें तामिळनाडूंतील प्रयोगांत आढळलें आहे. तेथें नत्रासाठीं युरिया घालीत. सेंद्रिय पद्धतीनें करावयाचें तर कोंबड्यांची विष्ठा घालतां येते. घरीं इतका खटाटोप नको असेल, तर दोन भाग धुतलेला भुसा, एक भाग गांडूळखत आणि एक भाग माती असें मिश्रण करावें व कुंडीमागें मूठभर निंबोळी पेंड घालावी. माती थोडी मिळाली तरी टाळूं नये. तिच्यांतील जीवाणू विरजणाचें काम करितात. पुढें पालेभाजीस दर पंधरवड्यास मूठभर गांडूळखत द्यावें.

सारें आयुष्य फळ्यापुढें काढलेल्या माणसास प्रयोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दोन डबे घ्या. एकांत नुसता धुतलेला भुसा, दुसऱ्यांत वरील मिश्रण घालून दोहोंत लाल माठ पेरा. पहिले कांहीं दिवस दोन्हीं सारखेच दिसतील, कारण तोंवर रोप बियांतील शिदोरीवर जगतें. शिदोरी संपली कीं पहिल्या डब्यांतील रोपें फिकीं होऊन खुंटतील. मुलांस हें एकदां दिसलें म्हणजे खत कशास हवें, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

युरोपीय संघाच्या २०१८ सालच्या नियमानें सामान्यतः जमिनींतील जिवंत मातींत वाढलेल्या पिकासच सेंद्रिय म्हणतां येतें. अमेरिकेंत मातीवांचून वाढलेल्या पिकासहि तें नांव मिळूं शकतें. हा वाद व्यापाऱ्यांचा असला तरी त्यांत आपल्यासाठीं एक खूण आहे. नुसतें रसायन टाळल्यानें पीक सेंद्रिय होत नाहीं. मुळांपाशीं जीवसृष्टी नांदली पाहिजे.

पाण्याविषयीं एक सूचना. भुसा वरून सुकला तरी आंत ओला असतो. बोट खोल घालून पाहावें. मूठभर भुसा पिळल्यास थेंब गळत असतील, तर त्या दिवशीं पाणी देऊं नये.

वाडीवाल्यांनींहि सोडणें जाळूं नयेत. नारळाच्या बुंध्यापासून दोन-तीन मीटरांवर चर खणून, खोलगट बाजू वर ठेवून तीं पुरल्यास पांच ते सात वर्षें ओल धरतात. शहाळ्यांचीं टरफलें मात्र रस्त्याकडेला पडलीं, तर त्यांत पावसाचें पाणी सांचून डास होतात आणि हिंवताप-डेंग्यू दारीं येतात. तुकडे करून तीं कुंडीच्या तळाशीं घातलीं, तर तींच ओल राखतात. वाडींतून एक गोणी भुसा वा सोडणें गॅलरीपर्यंत पोंचवावयास कोणत्याहि योजनेची गरज नाहीं. शेजारधर्म पुरेसा आहे.